डाय ‘टारू’ जोन्स आणि वेल्समधल्या रग्बी लीगचे सुरुवातीचे दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रग्बीच्या इतिहासावर मराठीत काहीही लिहिलं की एका खेळाडूबद्दल हमखास विचारणा होते. तो म्हणजे वेल्सचा फॉरवर्ड डाय ‘टारू’ जोन्स. कुणी न्यूझीलंडच्या १९०५च्या दौऱ्याबद्दल वाचताना त्याच्या नावाशी थबकतं, कुणाला त्याच्यावरच्या बंदीचं कोडं पडतं. वाचकांकडून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी नवख्या वाचकासाठी आहेत, खोलात जाणारे शेवटाकडे आहेत. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी त्या त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. डाय ‘टारू’ जोन्स नक्की कोण? दोन वाक्यांत सांगाल का?

दक्षिण वेल्सच्या कोळसा खोऱ्यांतला हा फॉरवर्ड १९०२ ते १९०६ या काळात वेल्सकडून रग्बी युनियनचे १३ आंतरराष्ट्रीय सामने खेळला आणि न्यूझीलंडला हरवणाऱ्या १९०५च्या संघात होता. १९०७ मध्ये पैशांच्या प्रकरणात त्याच्यावर कायमची बंदी आली, तो मर्थर टिडफिलच्या व्यावसायिक क्लबकडे गेला आणि १ जानेवारी १९०८ रोजी त्याने न्यूझीलंडला पुन्हा हरवलं, या वेळी दुसऱ्या खेळात.

त्याचं खरं नाव डेव्हिड. वेल्समध्ये डेव्हिडचा डाय होतो. ‘टारू’ म्हणजे वेल्श भाषेत बैल, आणि त्याचा बांधा पाहिलेल्या माणसाला या टोपणनावाचं कारण विचारावं लागत नसे.

२. रग्बी युनियन आणि रग्बी लीग हे वेगळे खेळ आहेत का? मुंबईत खेळतात ते कुठलं?

वेगळे आहेत, आणि हे कळल्याशिवाय जोन्सची गोष्ट कळणार नाही. मूळ एकच आहे. १८९५ मध्ये इंग्लंडच्या उत्तर भागातले क्लब फुटून निघाले, त्यांनी हळूहळू नियम बदलले आणि त्यातून रग्बी लीग तयार झाली. युनियनमध्ये १५ खेळाडू असतात, लीगमध्ये १३. चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेल्यावर दोन रांगा करून खेळाडूला हवेत उचलतात, ती लाइनआउट फक्त युनियनमध्ये दिसते. लीगमध्ये पकडलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो आणि खेळ पुढे चालू होतो.

मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर वर्षानुवर्षं चाललेलं रग्बी हे युनियन आहे. २०२५ मध्ये मुंबईतच झालेली रग्बी प्रीमियर लीग ही सात-सात जणांची, म्हणजे युनियनचीच छोटी आवृत्ती होती. तिच्या नावात ‘लीग’ आहे म्हणून गोंधळ होतो. जोन्स ज्या व्यावसायिक खेळात गेला, त्याच्याशी तिचा संबंध नाही.

३. फॉरवर्ड काय करतो? तो स्ट्रायकरसारखा गोल करतो का?

फुटबॉलची सवय असलेल्यांचा हा गैरसमज नेहमीचाच. रग्बीतला फॉरवर्ड हा चेंडू मिळवून देणारा खेळाडू. स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड खांद्याला खांदा अडकवून, डोकी एकमेकांच्या डोक्यांमधल्या फटीत घालून समोरच्यांना रेटतात. चेंडू मधल्या बोळात टाकला जातो आणि पायाने मागे ओढला जातो. तो मागे आला की हाफबॅक उचलतो आणि वेगवान बॅक्स धावत सुटतात. नाव त्या धावणाऱ्यांचं होतं. माती, कोपर, कानांची साल निघणं हे सगळं फॉरवर्डच्या वाट्याला. जोन्सच्या काळात युनियनमध्ये साधारण आठ फॉरवर्ड असत, लीगमध्ये (तेव्हाच्या नॉर्दर्न युनियनमध्ये) १९०६ नंतर सहा.

४. त्याला ‘ऱ्होंडा फॉरवर्ड’ म्हणतात ते काय प्रकरण आहे?

ऱ्होंडा ही दक्षिण वेल्समधली खाणींची दरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे लाखाच्या वर वस्ती होती आणि जवळजवळ सगळ्या घरांचं पोट कोळशावर. जोन्स ट्रेहर्बर्टसाठी खेळला. हे गाव दरीच्या अगदी वरच्या टोकाला आहे. पुढे तो शेजारच्या दरीतल्या ॲबरडेअरकडून खेळला.

वेल्सच्या निवड समितीला १९००च्या सुमाराला एक गोष्ट उमगली होती. कार्डिफ, न्यूपोर्ट, स्वॉन्सी या शहरी क्लबांचे बॅक्स चपळ होते, पण त्यांना चेंडू मिळवून देणारे दणकट लोक खोऱ्यांत होते. मग खाणीत, गोदीत, पत्र्याच्या कारखान्यांत काम करणारे हे लोक राष्ट्रीय संघात येऊ लागले. वृत्तपत्रांतून आणि बोलण्यातून ‘ऱ्होंडा फॉरवर्ड’ हा शब्द रुळला. १९०० ते १९११ हा काळ वेल्सच्या रग्बीचं पहिलं सुवर्णयुग मानतात. ते युग केवळ बॅक्सनी घडवलं असं लिहिणारे अजून आहेत आणि मला ते पटत नाही. १९०२ आणि १९०५ मध्ये वेल्सने इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांनाही हरवून ट्रिपल क्राउन मिळवला. दोन्ही वर्षी जोन्स संघात होता.

५. एकाच खेळाचे दोन झाले तरी कसे? भांडण कशावरून?

मजुरीवरून. इंग्लंडच्या उत्तरेत रग्बी खेळणारे बहुतेक गिरणीत, खाणीत किंवा गोदीत कामाला होते. शनिवारी अर्धा दिवस काम असायचं आणि सामनाही शनिवारीच. दूरच्या गावी खेळायला जायचं तर खाडा करावा लागे, आणि खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे कापले जात. क्लबांनी मागितलं ते एवढंच की बुडालेली मजुरी आम्हाला खेळाडूला भरून देऊ द्या. लंडनमधल्या रग्बी फुटबॉल युनियनने ते नाकारलं. तिचे कारभारी ज्या वर्गातून आले होते, त्या वर्गात शनिवारचा पगार कापला जाण्याची वेळच येत नव्हती.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि त्यांनी नॉर्दर्न युनियन स्थापन केली. खाड्याची भरपाई ठरली दिवसाला कमाल सहा शिलिंग. १८९८ पासून तिथे उघड पैसे देण्याची मुभा मिळाली, मात्र खेळाडूला दुसरी खरीखुरी नोकरी असलीच पाहिजे अशी अट होती. ती अट १९०५ मध्ये गेली. रग्बी फुटबॉल लीग हे नाव संस्थेला १९२२ मध्ये मिळालं. म्हणून जोन्सच्या काळातल्या मजकुरात ‘रग्बी लीग’ असं नाव आढळत नाही. तिथे ‘नॉर्दर्न युनियन’ शोधा.

६. वेल्समध्येही मजूरच खेळत होते ना? मग तिथे फूट का पडली नाही?

कारण वेल्सने डोळेझाक करायचं ठरवलं. सगळे क्लब फुटून गेले असते तर राष्ट्रीय संघच उरला नसता, आणि इंग्लंडला हरवणं ही त्या लहान देशाची केवढी मोठी मिरास होती! तेव्हा बुटात गुपचूप ठेवलेली नाणी, प्रवासखर्चाच्या नावाखाली दिलेली जास्तीची रक्कम, एखादं दारूचं दुकान चालवायला देणं, हे सर्रास चाले आणि कागदावर सगळे हौशी राहत.

सगळ्यात बोलकं उदाहरण आर्थर गूल्डचं. न्यूपोर्टचा हा सेंटर (मैदानाच्या मधोमध खेळणारा बॅक) आणि कर्णधार लोकांचा फार लाडका. तो निवृत्तीच्या बेतात असताना लोकांनी वर्गणी काढली आणि १८९७ मध्ये त्याला राहतं घर भेट दिलं. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांना हा उघड व्यावसायिकपणा वाटला. त्यावर वेल्सची संघटना माघार न घेता आंतरराष्ट्रीय मंडळातूनच बाहेर पडली. वर्षभराने समेट झाला. गूल्ड पुन्हा वेल्सकडून खेळला नाही, पण घर त्याच्याकडेच राहिलं.

हे लक्षात ठेवून प्रश्न ८ वाचा. दहाच वर्षांनी त्याच संघटनेने ॲबरडेअरच्या लोकांशी कसं वागायचं ठरवलं, ते तिथे आहे.

७. १९०५च्या सामन्यात जोन्सने काय केलं? ट्राय तर टेडी मॉर्गनचा होता.

हो, १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफ आर्म्स पार्कवर वेल्स ३, न्यूझीलंड ०, आणि एकमेव ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवणं) वेल्सच्या टेडी मॉर्गनचा. न्यूझीलंडचा तो संघ ‘ऑल ब्लॅक्स’ या नावाने जगभर गाजला. त्या अख्ख्या दौऱ्यात तो ३५ पैकी ३४ सामने जिंकला, ९७६ गुण केले आणि ५९ दिले. हरला तो फक्त इथे. न्यूझीलंडच्या बॉब डीन्सचा ट्राय झाला होता की नाही, हा वाद अजून संपलेला नाही, आणि तो मी इथे उकरून काढत नाही.

जोन्सचं काम कुठे होतं ते सांगतो. न्यूझीलंडचे सात फॉरवर्ड २-३-२ अशा रचनेत स्क्रम करत. पुढच्या रांगेत दोघेच, त्यामुळे सगळं वजन पाचरीसारखं एका जागी येई. आठवा माणूस, कर्णधार डेव्ह गॅलहर, स्क्रमच्या बाहेर राहून चेंडू आत टाकी आणि मग समोरच्या हाफबॅकची वाट अडवी. ब्रिटनमधल्या संघांना दौराभर यावर उत्तर सापडलं नव्हतं. वेल्सने आठऐवजी सातच फॉरवर्ड खेळवले आणि क्लिफ प्रिचर्डला जादा बॅक म्हणून मोकळं ठेवलं. म्हणजे सात विरुद्ध सात. शिवाय स्क्रममध्ये घाईने डोकी न घालता थांबायचं, समोरच्यांची बाजू बघायची आणि आपला माणूस चेंडूच्या बाजूला बाहेरून येईल असं बसायचं, हे वेल्सच्या फॉरवर्डनी आधी सरावात पक्कं केलं होतं. ज्याचं डोकं बाहेरच्या बाजूला, त्याच्या पायाला चेंडू आधी लागतो. त्या सात जणांत जोन्स होता. मॉर्गनच्या ट्रायची सुरुवातही स्क्रममधून मिळालेल्या चेंडूने झाली. डाव एका बाजूला जातोय असं भासवून चेंडू उलट दिशेला फिरवला, प्रिचर्ड आणि ऱ्हिस गेब यांच्या हातून तो मॉर्गनकडे आला.

धावफलकात फॉरवर्डचं नाव येत नाही. म्हणून इतक्या तपशिलात गेलो.

८. मग इतक्या मोठ्या खेळाडूवर बंदी कशी आली?

१९०७ मध्ये वेल्सच्या संघटनेने ॲबरडेअर क्लबच्या व्यवहारांची चौकशी केली. खेळाडूंना पैसे दिल्याचे आरोप होते. निकाल कठोर लागला. ॲबरडेअरच्या समितीवर कायमची बंदी आली आणि ज्या खेळाडूंना तीच शिक्षा झाली, त्यांत जोन्स होता. १३ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेल्या माणसाचं युनियनमधलं खेळणं एका ठरावाने संपलं.

माझं मत स्पष्ट आहे. ॲबरडेअरमध्ये जे चालत होतं, ते खोऱ्यांतल्या क्लबांना आणि संघटनेला दोघांनाही ठाऊक होतं. १९०७ मध्ये फरक पडला तो इतकाच की दक्षिण वेल्समध्ये नॉर्दर्न युनियनचे क्लब उभे राहण्याची चिन्हं दिसू लागली होती आणि संघटनेला धाक बसवायचा होता. धाक बसवायला खाण गावातला क्लब सोयीचा होता. गूल्डच्या घरासाठी (प्रश्न ६) आंतरराष्ट्रीय मंडळाशी भांडणारी हीच संघटना होती.

९. बंदीनंतर तो उत्तर इंग्लंडला गेला का?

नाही, आणि त्याच्या कारकिर्दीतली ही वेगळी गोष्ट आहे. त्याआधीचे वेल्श खेळाडू पैशांसाठी ‘उत्तरेला’ जात. स्वॉन्सीचे हाफबॅक डेव्हिड आणि इव्हान जेम्स हे भाऊ मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन रेंजर्सकडे गेले. पेनिग्रेगचा फॉरवर्ड जॅक ऱ्हॅप्स सॅलफर्डला गेला (त्याच्याबद्दल प्रश्न १३). घरदार सोडून लँकशायरमध्ये राहणं हीच तेव्हाची वाट होती.

१९०७ मध्ये मात्र व्यावसायिक खेळच दक्षिणेत उतरला. मर्थर टिडफिल आणि एबू व्हेल या दोन क्लबांना नॉर्दर्न युनियनमध्ये प्रवेश मिळाला. मर्थर ॲबरडेअरपासून एक डोंगर ओलांडला की येतं. लोखंडाच्या भट्ट्यांचं जुनं शहर. जोन्स त्या क्लबचा झाला आणि आपल्याच खोऱ्यांत राहून उघडपणे पैसे घेऊन खेळू लागला. पहिल्या पिढीतल्या फार थोड्या वेल्श व्यावसायिकांना हे जमलं.

१०. नव्या खेळात फॉरवर्ड म्हणून त्याला काय बदलावं लागलं?

बरंच. १९०७ पर्यंत नॉर्दर्न युनियनने लाइनआउट काढून टाकली होती (१८९७), सगळ्या गोलांचे (म्हणजे लाथेने खांबांमधून मारलेल्या चेंडूंचे) गुण सरसकट २ केले होते आणि १९०६ मध्ये खेळाडू १५ वरून १३ वर आणले होते. कमी झालेले दोघे फॉरवर्ड होते. त्याच वर्षी पकडलेल्या खेळाडूने उठून चेंडू पायाने खेळवायचा नियम आला. म्हणजे युनियनमध्ये पकड झाली की जो ढिगारा व्हायचा आणि त्यात फॉरवर्ड मिनिटभर रेटारेटी करत राहायचे, ते इथे संपलं.

याचा अर्थ असा की नुसत्या वजनावर चालणारा फॉरवर्ड इथे टिकत नसे. सहाच जण, मैदान तेवढंच, खेळ थांबत नाही. चेंडू हातात घेऊन पळता आलं पाहिजे, पुढच्याला देता आलं पाहिजे आणि दुसऱ्याच क्षणाला समोरच्याला अडवायला उभं राहता आलं पाहिजे. ट्रायचे ३ गुण आणि गोलाचे फक्त २, त्यामुळे लाथ मारून गुण जमवण्यापेक्षा ट्राय करण्यात फायदा होता. जोन्स वयाने पंचविशीच्या पुढे असताना हा खेळ शिकला आणि काही महिन्यांत राष्ट्रीय संघात होता. त्याच्यावर ‘ताकदीचा गडी’ असा शिक्का मारणाऱ्यांनी एवढा तपशील ध्यानात घ्यावा.

११. १ जानेवारी १९०८ला नेमकं काय घडलं?

न्यूझीलंडहून टपाल खात्यात काम करणारा अल्बर्ट बास्करव्हिल नावाचा तरुण स्वतःच्या हिमतीवर एक व्यावसायिक संघ घेऊन ब्रिटनला आला होता. मायदेशी त्यांना ‘ऑल गोल्ड्स’ म्हणून हिणवलं गेलं, कारण ते मिळकतीतला वाटा घेऊन खेळणार होते. यातल्या बहुतेकांनी नॉर्दर्न युनियनचे नियम इंग्लंडला पोहोचल्यावर शिकले. सोबत ऑस्ट्रेलियाचा डॅली मेसेंजरही होता.

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी ॲबरडेअरच्या ॲथलेटिक ग्राउंडवर वेल्सने या संघाशी सामना खेळला. रग्बी लीगमधला वेल्सचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. हजारो लोक जमले. वर्षभरापूर्वी ज्या गावच्या क्लबवर संघटनेने कुऱ्हाड चालवली होती, त्याच गावात, त्याच खेळाडूला लाल जर्सीत बघायला.

वेल्सने सामना ९-८ असा जिंकला. वेल्सचे तीन ट्राय, न्यूझीलंडचे दोन ट्राय आणि एक गोल. निर्णायक ट्राय जोन्सचा होता आणि तो सामन्याच्या शेवटच्या टप्प्यात झाला. कार्डिफच्या विजयात त्याचं नाव स्क्रमच्या पोटात दडलेलं होतं. इथे ते धावफलकावर होतं.

१२. तो जगातला पहिला रग्बी लीग आंतरराष्ट्रीय सामना होता, असं वाचलं. खरं का?

अर्धं खरं. ५ एप्रिल १९०४ रोजी विगनच्या सेंट्रल पार्कवर इंग्लंड विरुद्ध ‘अदर नॅशनॅलिटीज’ असा सामना झाला होता आणि पाहुण्यांनी तो ९-३ ने जिंकला. दोन्हीकडे १२-१२ खेळाडू होते. ‘अदर नॅशनॅलिटीज’ म्हणजे उत्तरेत खेळणाऱ्या वेल्श आणि स्कॉटिश खेळाडूंचा मिळून केलेला संघ. तो एखाद्या देशाचा संघ नव्हता. देश विरुद्ध देश, आणि १३-१३ जणांच्या नियमांनी, अशी अट घातली तर ॲबरडेअरचा सामना पहिला.

काहीजण ऑगस्ट १९०७ मधल्या सिडनीच्या सामन्यांचा दाखला देतात. पण ते न्यू साउथ वेल्स या प्रांताविरुद्ध होते आणि युनियनच्या नियमांनी खेळले गेले. ते इथे धरता येत नाहीत.

१३. म्हणजे दोन्ही खेळांत देशाकडून खेळणारा पहिला माणूस जोन्सच ना?

नाही. हा मान साधारणपणे जॅक ऱ्हॅप्सला देतात. तोही वेल्श, तोही फॉरवर्ड. १८९७ मध्ये तो इंग्लंडविरुद्ध वेल्सकडून युनियनचा एक सामना खेळला, मग सॅलफर्डला गेला आणि १९०४च्या त्या पहिल्या सामन्यात ‘अदर नॅशनॅलिटीज’कडून उतरला. ‘अदर नॅशनॅलिटीज’ला राष्ट्रीय संघ मानायचं नसेल तर चर्चा वेगळी होईल, पण नोंदींत ऱ्हॅप्सचंच नाव पहिलं आहे.

जोन्सचा विक्रम याहून नेमका आहे : युनियन आणि लीग या दोन्ही खेळांत आपल्या देशाकडून न्यूझीलंडला हरवणारा तो पहिला खेळाडू. दोन विक्रमांची सरमिसळ करू नका. ऱ्हॅप्सचं श्रेय जोन्सला देणं हा ऱ्हॅप्सवर अन्याय आहे, आणि जोन्सला त्या उसन्या मोठेपणाची गरजही नाही.

१४. १९०५ आणि १९०८च्या न्यूझीलंड संघांत काही समान खेळाडू होते का?

होते. जॉर्ज स्मिथ, डंकन मॅकग्रेगर, बिल मॅकरेल आणि ‘मासा’ जॉन्स्टन हे चौघे १९०५च्या दौऱ्यावरही होते आणि बास्करव्हिलच्या संघातही. त्यांपैकी मॅकग्रेगर कार्डिफच्या पराभवात मैदानावर होता. कार्डिफला खेळलेला चार्ली सीलिंग या दौऱ्यावर नव्हता, पण १९१० मध्ये तो विगनकडून व्यावसायिक खेळाडू झाला. म्हणजे पैसे घेऊन खेळणं हा जणू वेल्सच्या खोऱ्यांतला डाग असल्यासारखं जे बोललं जाई, ते दोन्ही गोलार्धांत खोटं ठरत होतं.

१५. ॲबरडेअरचा सामना हरलेला न्यूझीलंडचा संघ कमकुवत होता का?

मुळीच नाही. त्यानंतर नॉर्दर्न युनियनविरुद्ध झालेल्या तीन कसोटी सामन्यांपैकी लीड्सचा पहिला ते १४-६ ने हरले, पण लंडनचा दुसरा १८-६ आणि चेल्टनहॅमचा तिसरा ८-५ असा जिंकून त्यांनी मालिका घेतली. बास्करव्हिल मात्र परतीच्या वाटेवर मे १९०८ मध्ये ब्रिस्बेनला न्यूमोनियाने गेला. तेव्हा तो अवघा पंचवीस वर्षांचा होता.

१६. वेल्समधले हे व्यावसायिक क्लब पुढे टिकले का नाहीत?

सुरुवात तर जोमात झाली. १९०८ मध्ये ॲबरडेअर, बॅरी, मिड-ऱ्होंडा आणि ट्रेहर्बर्ट हे आणखी चार क्लब आले. एप्रिल १९०८ मध्ये टोनिपँडीला वेल्सने इंग्लंडला ३५-१८ असं हरवलं. वेल्श लीगही सुरू झाली. पण नवे चारही क्लब एक-दोन हंगामांतच बंद पडले. मर्थर १९११ पर्यंत चाललं, एबू व्हेल १९१२ पर्यंत.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. उत्तरेतल्या क्लबांशी खेळायचं म्हणजे प्रत्येक वेळी रेल्वेचा लांबचा खर्च. शेजारी फुटबॉल फोफावत होता, मर्थर टाउन हा फुटबॉल क्लब १९०८ मध्येच निघाला आणि त्याच गर्दीतला वाटा घेऊ लागला. आणि युनियनचा राष्ट्रीय संघ ऐन भरात होता. १९०८, १९०९ आणि १९११ मध्ये वेल्सने सगळ्या शेजाऱ्यांना हरवलं. लाल जर्सीची भूक तिकडेच भागत असेल तर नव्या खेळाच्या क्लबला प्रेक्षक कुठून मिळणार? खेळाडूंमध्ये खोट नव्हती. ती भांडवलात आणि अंतरात होती.

क्लब बंद पडल्यावर वेल्श खेळाडूंची वाट पुन्हा उत्तरेची झाली. १९२१ मध्ये कार्डिफचा जिम सुलिव्हन वयाच्या सतराव्या वर्षी विगनला गेला, आणि कोळशाच्या मंदीच्या वर्षांत कितीतरी जण त्याच्या मागोमाग गेले.

१७. बंदी म्हणजे पुढे कधीच युनियन खेळता येत नसे का? काही अपवाद?

नियम असा होता की नॉर्दर्न युनियनच्या क्लबशी करार केला, त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्याविरुद्ध खेळलं, की युनियनचं दार कायमचं बंद.

अपवाद युद्धाने घडवले. १९१६ मध्ये लष्कर आणि नौदलाच्या सामन्यांत लीगच्या खेळाडूंना युनियनच्या खेळाडूंबरोबर खेळायची मुभा मिळाली. दुसऱ्या महायुद्धात तर १९४३ आणि १९४४ मध्ये लीगवाले विरुद्ध युनियनवाले असे सैनिकी संघांचे दोन सामने युनियनच्याच नियमांनी झाले आणि दोन्ही लीगवाल्यांनी जिंकले. युद्ध संपलं की दार परत लागलं. ते कायमचं उघडलं ते ऑगस्ट १९९५ मध्ये, युनियनने स्वतःच व्यावसायिक होण्याचं ठरवल्यावर. हडर्सफील्डच्या बैठकीला (प्रश्न ५) तेव्हा बरोबर शंभर वर्षं होत होती.

१८. जोन्सचं पुढे काय झालं?

पहिल्या महायुद्धात तो १९१५ मध्ये उभ्या राहिलेल्या वेल्श गार्ड्स पलटणीत होता. आघाडीवर तो गंभीर जखमी झाला, पण वाचला. १९३३ मध्ये त्याचं निधन झालं.

१९. बंदीमुळे त्याचे युनियनचे १३ सामने रद्द झाले का? आणि नोंदींत त्याला ओळखायचं कसं?

सामने रद्द झाले नाहीत. बंदी पुढच्या खेळावर होती, मागच्यावर नव्हती. वेल्सच्या खेळाडूंच्या अधिकृत यादीत त्याचे १३ सामने आजही मोजले जातात आणि १९०५च्या विजयी संघातलं त्याचं नाव तसंच आहे.

शोधताना अडचण येते ती आडनावाची. वेल्समध्ये आडनावं मोजकीच, त्यातून जोन्स म्हणजे गावागावात ढिगाने, आणि डेव्हिड नावाचे रग्बीपटूही अनेक. म्हणून नुसतं ‘डेव्हिड जोन्स’ पाहून थांबू नका. क्लब ट्रेहर्बर्ट, ॲबरडेअर किंवा मर्थर आहे का, वर्षं १९०२ ते १९०६ची आहेत का आणि जागा फॉरवर्डची आहे का, हे तिन्ही जुळलं तरच तो आपला टारू. काही याद्यांत तो फक्त ‘डी. जोन्स (ॲबरडेअर)’ असा येतो. १९०५च्या सामन्याच्या यादीत तर तसाच सापडेल.